आधी अजिंठा, मग आजी : नक्कल करत व्यक्तिचित्र शिकताना

आपल्या कॉलेजात ‘कॉपी’ या शब्दाला फारशी इज्जत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तो नुसता कानावर पडला तरी सुपरवायझर वळून बघतात. चित्रकलेत मात्र शेकडो वर्षं कॉपी हाच पहिला धडा होता. मोठ्या चित्रकाराचं चित्र समोर ठेवायचं आणि ते जसंच्या तसं पुन्हा काढायचं. मित्रमैत्रिणींनो, या लेखात तोच धडा मांडायचा आहे. जुनं, अभिजात चित्र पुन्हा काढून माणसाचा चेहरा रंगवायला कसं शिकतात, त्यातून नेमकं काय हाती लागतं आणि नक्कल कुठे सोडायची, एवढे तीन प्रश्न. वाङ्मय मंडळाच्या अंकात चित्रकलेचं काय काम, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर शेवटाकडे आहे, तोवर थांबा.

सुरतेहून गेलेली चित्रं

सुरुवात आपल्या सुरतेपासूनच करू. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची मुघल मुलखातली मुख्य वखार सुरतेत होती. कापड, नीळ, मसाले यांच्यासोबत मुघल लघुचित्रंही युरोपात पोहोचत होती आणि त्यांतली बरीचशी बहुधा याच बंदरातून गेली. त्यांतली काही अॅमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटच्या बघण्यात आली. हा माणूस कधी भारतात आला नाही. तरी साधारण १६५६ ते १६६१ या काळात त्यानं ती लघुचित्रं समोर ठेवून शाईनं रेखाटनं केली. शाहजहान, दरबारी, घोडेस्वार. यांतली वीसहून अधिक रेखाटनं आजही शिल्लक आहेत.

तेव्हा रेम्ब्रांटचं वय पन्नाशीच्या आसपास होतं. व्यक्तिचित्रकार म्हणून त्याचं नाव केव्हाच झालेलं होतं. तरी तो विद्यार्थ्यासारखा बसून दुसऱ्याच्या रेषा गिरवत होता. त्यांतल्या एका चित्रात झाडाखाली बसलेले चार वृद्ध मौलवी आहेत. १६५६ मध्ये त्यानं अब्राहामाच्या दारी आलेल्या तीन पाहुण्यांचं एचिंग केलं (उत्पत्तीचा १८ वा अध्याय आठवा), त्यात ही जमिनीवरची बैठक पुन्हा दिसते. म्हणजे नक्कल वहीत पडून राहिली नाही, तिचा पुढे उपयोग झाला. बायबलमधला प्रसंग, बसण्याची तऱ्हा हिंदुस्थानी आणि हात डच.

हात आधीच ठरवून बसलेला असतो

नक्कल करून असं काय मिळतं? एक छोटा प्रयोग करा. कुणालाही डोळा काढायला सांगा. दहातले नऊ जण बदामाचा आकार काढतील, मधे गोल, गोलात काळा ठिपका. समोर बसलेल्या माणसाचा डोळा ते बघतच नाहीत. लहानपणापासून डोक्यात ‘डोळा’ नावाची एक खूण बसलेली असते, हात ती खूण कागदावर उतरवतो. नाकाचं तेच, ओठांचं तेच. म्हणून नवशिक्यांनी काढलेले सगळे चेहरे एकमेकांचे भाऊबहीण वाटतात.

जिवंत माणूस समोर बसवला तर ही सवय मोडणं अवघड जातं. माणूस हलतो, बोलतो, उजेड बदलतो, पाच मिनिटांत त्याला चहा हवा असतो. चित्र हलत नाही. शिवाय एका जाणत्या माणसानं चेहऱ्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय त्यात आधीच घेतलेला असतो. नक्कल करणारा त्या निर्णयांच्या मागं मागं जातो. इथे रेषा का थांबली? हा गाल गडद का? असे प्रश्न नुसतं बघताना पडत नाहीत, काढायला बसलं की पडतात.

अजिंठ्याची शाळा

आपल्याकडे या शिक्षणाची सगळ्यात मोठी शाळा भरली ती अजिंठ्यात. आमच्या नवागाम-डिंडोलीच्या बाजूला राहणाऱ्या मराठी घरांपैकी पुष्कळ घरं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. सुट्ट्या लागल्या की उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरून गावी जायचं. त्याच लाइनवरच्या जळगावपासून अजिंठा साठेक किलोमीटरवर आहे. पण ‘गावाकडचं’ म्हणून आपण ते बघत नाही, सहलीचं ठिकाण म्हणून बघतो.

१८४४ मध्ये मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल हा अधिकारी लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला अजिंठ्याला आला आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच राहिला. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे गिल आणि पारू ही नावं मराठी वाचकांना माहीत आहेत. गिलनं केलेली मोठमोठी तैलचित्रं लंडनजवळच्या सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्यांतली बहुतेक जळाली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आगीनंतर ते काम पुन्हा सुरू झालं. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. १८८५ पर्यंत हे काम चाललं. या विद्यार्थ्यांना वर्गात ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे बघून चित्रं काढायची सवय होती. अजिंठ्यात त्यांच्यासमोर दीड हजार वर्षांपूर्वीच्या इथल्याच चित्रकारांचं काम आलं. पाठवलेल्या प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये ठेवल्या होत्या. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यांतल्या कितीतरी गेल्या.

दोन पिढ्यांची मेहनत, दोन आगी. मग उरलं काय? उरली ती शिकलेली माणसं. ग्रिफिथ्सच्या हाताखाली अजिंठ्यात काम केलेले पेस्तनजी बोमनजी पुढे मुंबईतले नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. त्यांनी पारशी घरांतली माणसं रंगवली, अंगावरच्या कपड्याच्या पोतासकट आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडासकट. त्यांत बोधिसत्त्व कुठेच नाही. बघायची तालीम मात्र तीच.

तिसरी फेरी १९०९ ते १९११ मधली. लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत प्रतिकृती करायला बंगालमधून जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. हेच नंदलाल पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात गुरू झाले. त्यांच्याकडे आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकायला गोव्याहून एक कॅथलिक तरुण गेला, अँजेलो द फोन्सेका. पुढे ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली. तेव्हा अनेकांना ती रुचली नाही. देवमातेचा चेहरा गोराच असायला हवा, अशी सवय डोळ्यांना लागलेली होती. पुढच्या काळातल्या त्यांच्या मरियेत पत्नी आयव्ही यांच्या चेहऱ्याची छाप दिसते. अजिंठ्याच्या भिंतीपासून घरातल्या बाईच्या चेहऱ्यापर्यंत हा प्रवास आहे आणि माझ्या मते व्यक्तिचित्राचा पूर्ण अभ्यासक्रम यातच आला.

चार रविवारांचा पाठ

आता प्रत्यक्ष काम. मी रविवारी मिस्सा झाल्यावर बसते, म्हणून चार रविवार म्हणते. तुम्ही तुमचे वार धरा. चित्र घ्यायचं पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं आणि त्यातलंही फक्त मुकुटापासून खांद्यापर्यंत. झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर आकाराच्या दोन प्रिंट काढा, एक रंगीत, एक काळीपांढरी. सोबत ड्रॉइंग पेपर, पेन्सिल, एक बारीक आणि एक मध्यम ब्रश.

रंगांचा खर्च नगण्य आहे. अजिंठ्याचे रंग मुख्यतः मातीचे आणि दगडाचे : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. एक निळा तेवढा परदेशातून आणलेल्या लाजवर्दी दगडाचा. आपण गेरू आणि पिवडी रंगाच्या दुकानातून घ्यायची, काळा आणि पांढरा पोस्टर कलरमधला. भुकटीत डिंकाचं पाणी घातलं की रंग कागदाला धरतो. हिरवा वेगळा घ्यायला नको. पिवडीत थोडा काळा मिसळला की हिरवट छटा येते.

पहिला रविवार मापांचा. गवंडी ओळंबा सोडतात तशी प्रिंटवर वरून खाली एक सरळ रेघ मारा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून जाणारी. ती ओठांना कुठे भेटते, हनुवटीला कुठे, ते बघा. पद्मपाणीची मान कललेली आहे. मान कलली की डोळ्यांची रेघ कलते आणि ओठांची रेघही तेवढीच कलते. नवशिका डोकं तिरकं काढतो आणि डोळे मात्र सरळ ठेवतो, मग चेहरा मोडल्यासारखा दिसतो. पेन्सिल आडवी धरून दोन्ही कोन ताडून घ्या. मग प्रिंट आणि कागद दोन्ही उलटे करा, डोकं खाली. उलट्या चित्रात मेंदूला ‘नाक’ दिसत नाही, नुसता आकार दिसतो. सवय मोडायला याहून स्वस्त उपाय नाही.

दुसरा रविवार रेषेचा. पेन्सिलीवरून गेरूच्या पातळ रंगानं ब्रश फिरवायचा. अजिंठ्याचे चित्रकारही आधी तांबड्या रंगानं बाह्यरेषा काढत. भुवईची रेषा सुरुवातीला बारीक, मधे भरलेली, टोकाला पुन्हा बारीक. एवढी एकच रेषा वेगळ्या कागदावर वीस वेळा काढा. वही भरेल, हरकत नाही. हात मनगटातून न फिरता खांद्यातून फिरायला लागला की रेषा थरथरायची थांबते.

तिसरा रविवार उठावाचा. चेहऱ्याला आधी एक सपाट रंग द्या, मग कडांकडे तो गडद करत न्या. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात याला वर्तना म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत : पानाच्या शिरांसारख्या रेघांची पत्रज, अगदी सूक्ष्म अशी ऐरिक आणि ठिपक्यांची बिंदुज. तिन्ही करून बघा. शेवटी नाकाच्या दांड्यावर आणि हनुवटीवर उजळ रंगाचा हात. इथे एक फरक लक्षात येईल. रेम्ब्रांटच्या चेहऱ्यावर उजेड एका बाजूनं येतो आणि दुसरी बाजू अंधारात बुडते. पद्मपाणीवर असा कुठलाच दिवा लावलेला नाही. जो भाग पुढे आलेला तो उजळ, जो मागे वळलेला तो गडद. काळीपांढरी प्रिंट यासाठीच हवी. डोळे किलकिले करून ती बघितली की गडद भाग वेगळे निघतात.

भिंतीवरचा गिलावा पडून जिथे चित्र गेलं आहे, तिथे कागद कोरा ठेवा. मनानं भरू नका. जे दिसत नाही ते काढायचं नाही, ही शिस्त पुढे जिवंत माणसापुढे बसल्यावर कामाला येते.

चौथा रविवार. सकाळी प्रिंट मिटवून ठेवा आणि तोच चेहरा आठवणीतून काढा. काय विसरलं, ते तुलना करून पाहा. जे विसरलं ते आपण बघितलं नव्हतं, नुसतं उतरवलं होतं. दुपारी घरातल्या कुणाला तरी त्याच पद्धतीनं मान कलवून बसवा आणि त्याच चार रंगांत त्यांचा चेहरा काढा.

नक्कल कुठे सोडायची

खरा पाठ त्या दुपारी सुरू होतो. पद्मपाणी हे व्यक्तिचित्र नाही. तो कुणा एका माणसाचा चेहरा नव्हे, आदर्श चेहरा आहे : कमळाच्या पाकळीसारखे डोळे, धनुष्यासारखी भुवई, दोन्ही बाजू तोलून धरलेल्या. चार रविवारांत हा आदर्श हातात मुरतो. मग समोर आजी बसते आणि तिच्यात यातलं काहीच सापडत नाही.

माझ्या आजीची एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. खालच्या ओठाची डावी बाजू उतरलेली. पद्मपाणीची कललेली मान बघून आपल्याला करुणा आठवते. आजीची मान कलते, कारण तिला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. हे सगळं मी वर्षानुवर्षं समोर बघत होते, पण मोजलं नव्हतं. आदर्श चेहरा हाताला पाठ झाल्यावरच तिचा चेहरा त्यापासून कुठे कुठे सुटतो ते दिसायला लागलं. मला समजलेली गोष्ट एवढीच : सारखेपणा म्हणजे आदर्शापासूनचं अंतर. ते अंतर बरोबर पडलं की माणूस ओळखू येतो. म्हणून आदर्श आधी शिकायचा आणि मग त्याला चिकटून राहायचं नाही.

नवागाममध्ये याची गरज का आहे, तेही सांगते. इथल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा धड एक फोटो नसतो. गिरणीत, लूमवर आयुष्य गेलं, फोटो काढला तो ओळखपत्रासाठी, तोही टक लावून बघणारा. माणूस गेल्यावर स्टुडिओवाला तोच मोठा करतो, अंगावर कॉम्प्युटरनं कोट किंवा जरीची साडी चढवतो, सुरकुत्या पुसतो. भिंतीवर हार घातलेला एक चेहरा येतो, पण तो आपला माणूस नसतो. आदर्शाकडे ओढून नेलं की माणूस हरवतो. ती भुवई, तो उतरलेला ओठ कुणीतरी माणूस जिवंत असताना नोंदवून ठेवायला हवा. त्यासाठी जे. जे. ला प्रवेश मिळायलाच हवा असं नाही.

नक्कल करणाऱ्यांनी एक इशाराही ध्यानात ठेवावा. अजिंठ्यातली चित्रं नीट दिसावीत म्हणून त्या काळी प्रतिकृती करताना मूळ भिंतींवर वॉर्निश लावलं गेलं. ते काळाबरोबर काळवंडलं आणि चित्रं झाकोळली. प्रतिकृती सुंदर व्हावी या हौसेत मूळ चित्राला इजा झाली. चेहऱ्याच्या बाबतीतही हेच. आपलं चित्र छान यावं म्हणून समोरच्या माणसाला चकचकीत करू नये.

आणि आपल्या शहरातली दुसरी नक्कल वेगळी ओळखावी. साडीच्या प्रिंटचं डिझाइन ट्रेस करून रिपीट लावणारे हात इथे घरोघरी आहेत. त्यात कसब आहे, त्यावर घरं चालतात. पण तिथे मीटरभर पुढे तेच फूल पुन्हा यावं लागतं. अभ्यासातली नक्कल पुढच्या मीटरवर बदलायलाच हवी.

वाङ्मय मंडळाचं काय?

राहिलेला प्रश्न. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. इंग्रज माणूस, मराठी परकी. त्यांनी इथल्या संतकवींची ओवी कानानं आणि हातानं गिरवून आत्मसात केली आणि १६१६ मध्ये दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं. छंद उसना, कथा दुसरी, भाषा इथली. पेस्तनजींनी आणि फोन्सेकांनी रंगांत जे केलं, ते स्टीफन्सनी शब्दांत अडीच-तीनशे वर्षं आधी केलं होतं.

आपण मात्र लिहायला बसलो की पहिल्याच दिवशी ‘स्वतःचं’ लिहायला जातो आणि मग सगळ्यांच्या कविता एकमेकींच्या बहिणी होतात, नवशिक्याच्या चेहऱ्यांसारख्या. बदामाचे डोळे तसा पाऊस, ठिपक्यासारखी आई. मंडळाला माझी एक सूचना आहे. या सत्रात प्रत्येकानं एका जुन्या कवीचं वळण महिनाभर गिरवावं, वहीत, छापण्यासाठी नव्हे. ओवी घ्या, अभंग घ्या, बहिणाबाईंची बोली घ्या, आपल्या खानदेशचीच आहे. यमक कुठे पडतं, वाक्य कुठे मोडतं, काय सांगायचं टाळलं आहे, ते हातानं शोधा. मग ती वही बाजूला ठेवून घरातल्या एका माणसावर अर्धं पान लिहा, त्याच्या चेहऱ्यासकट.

ज्यांना रंगांत करायचं आहे त्यांनी गेरू आणि पिवडी घेऊन ठेवा. घरातलं कोण तासभर स्थिर बसू शकेल, तेवढं आधी विचारून घ्या.